ऑगस्टची बेसलाइन, डिसेंबरची एंडलाइन

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुमच्या संस्थेचं ऑफिस शहाद्यात आहे आणि काम नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर, बालकुपोषणाचं. युरोपातल्या एका देणगीदाराचे तीन वर्षांचे पैसे आहेत आणि हे शेवटचं वर्ष. लॉगफ्रेममध्ये, म्हणजे प्रकल्पाचा आराखडा मांडणाऱ्या तक्त्यात, चौतीस निर्देशक (मोजायच्या गोष्टी) आहेत. कार्यकर्ते मोबाईलवर फॉर्म भरतात, पण तो डेटा पुढे कोणी उघडून बघत नाही. पहिल्या वर्षी पैसे उशिरा आल्यामुळे बेसलाइन, म्हणजे सुरुवातीची मोजणी, एप्रिलऐवजी ऑगस्टमध्ये झाली. मार्चमध्ये ग्रँट संपते म्हणून एंडलाइन, म्हणजे शेवटची मोजणी, डिसेंबरमध्ये धरली आहे. देणगीदाराला आता 'या कामातून काय शिकलात' असा वेगळा अहवालही हवा आहे. तुम्ही विचारलंत की निर्देशक कमी कसे करायचे, बाहेरचा मूल्यमापक घ्यायचा का आणि इम्पॅक्ट, म्हणजे कामाचा परिणाम, दाखवायचा कसा. आणि शेवटी जाता जाता लिहिलंत की वाईट आकडा भरला तर नोकरी जाईल असं कार्यकर्त्यांना वाटतं.

मला तुमची खरी अडचण त्या जाता जाता लिहिलेल्या ओळीत दिसते. एकाच आकड्याला तुमच्याकडे दोन कामं लावली आहेत. त्याच आकड्यावर देणगीदाराला हिशेब द्यायचा आणि त्याच आकड्यावरून संस्थेने शिकायचं. ज्या आकड्यावर पुढची ग्रँट आणि कुणाचा तरी पगार अवलंबून असतो, तो आकडा हळूहळू गुळगुळीत होतो. यात कुणाचा अप्रामाणिकपणा असायलाच हवा असं नाही. शंका असलेलं मूल 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणून सोडलं जातं, बैठकीला आलेल्या बायका मोजताना दारात उभ्या असलेल्याही धरल्या जातात. त्यामुळे हे दोन हेतू वेगळे केल्याशिवाय निर्देशक चौतीसचे दहा केलेत तरी शिकणं होणार नाही. माझं पुढचं सगळं उत्तर या एका मुद्द्याभोवती आहे.

दोन गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. देणगीदाराचा प्रोग्रॅम ऑफिसर किती मोकळा आहे ही एक. आणि बेसलाइनच्या मूळ नोंदी, म्हणजे प्रत्येक मुलाचं वय, वजन, दंडघेर, पाडा, तुमच्याकडे आहेत की नुसती टक्केवारी उरली आहे, ही दुसरी. मूळ नोंदी नसतील तर खालच्यातलं निम्मं करता येणार नाही. तेव्हा आधी त्या शोधा. बेसलाइन करणाऱ्या एजन्सीकडे असतील तर लेखी मागा.

आता सगळ्यात तातडीची गोष्ट. एंडलाइन डिसेंबरमध्ये करू नका.

सातपुड्यात ऑगस्ट महिना म्हणजे वर्षातला सर्वात अवघड काळ. घरातलं मागच्या हंगामाचं धान्य संपत आलेलं असतं, नवं पीक शेतात उभं असतं, आई दिवसभर निंदणीला, आणि त्यात जुलाब, ताप, मलेरिया. मुलांची वजनं याच दिवसांत घसरतात. डिसेंबरमध्ये मका-ज्वारी घरात आलेली असते, हवा कोरडी असते. तुमच्या संस्थेने तीन वर्षं काहीही केलं नसतं, तरी ऑगस्टच्या मानाने डिसेंबरमध्ये सॅम-मॅम (तीव्र आणि मध्यम कुपोषित) मुलांची संख्या कमीच दिसली असती.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं ऊसतोडीला बारडोली-सुरतकडे निघून जातात, आणि बरीचशी होळीला परततात. लहान मुलं सोबतच जातात. डिसेंबरमध्ये पाड्यावर जी मुलं मोजायला सापडतील ती ज्यांच्याकडे थोडी बरी जमीन आहे, विहीर आहे, किंवा घरात एखादी नोकरी आहे अशा घरांतली. ज्यांच्यासाठी प्रकल्प उभा केला ती मुलं त्या दिवशी कुठल्या तरी उसाच्या फडात असतील. म्हणजे ऋतू आणि स्थलांतर या दोन्ही गोष्टी आकडा एकाच बाजूला ढकलणार आणि तो तुमच्या बाजूला झुकलेला असणार. असा अहवाल देणगीदाराला आवडेल यात शंका नाही. पण स्थलांतराचा हिशेब ठाऊक असलेला कुणीही तो दहा मिनिटांत खोडून काढील.

म्हणून एंडलाइन याच ऑगस्टमध्ये घ्या. पाऊस, तुटलेले रस्ते, नाल्यांचे पूर हे सगळं असणारच, पण बेसलाइनही त्याच दिवसांत झाली होती. बेसलाइनला पाड्यांची जी यादी होती तीच घ्या. पहिल्या वर्षी पावसामुळे जे पाडे वगळले गेले असतील, ते आता घेतले तरी वेगळे ठेवा, मूळ तुलनेत मिसळू नका. ऑगस्ट खरंच हातून गेला असेल, तर डिसेंबरचं सर्वेक्षण करून त्याला एंडलाइन म्हणण्यापेक्षा अंगणवाडीच्या मासिक वजनांकडे वळा आणि तीनही वर्षांचे तेच ते महिने एकमेकांशेजारी ठेवा, ऑगस्टला ऑगस्ट, जानेवारीला जानेवारी. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये भरलेलं आणि सेविकेच्या रजिस्टरमधलं जुळतं का तेही बघा. काही मुलांचं वजन त्याच आठवड्यात दुसऱ्या माणसाकडून पुन्हा घ्या. फरक फार निघाला तर त्या अंगणवाडीचा डेटा तुलनेतून बाजूला ठेवा, आणि तसं अहवालात लिहा.

तांत्रिक बाब आहे, पण हमखास चुकते म्हणून सांगते. बेसलाइनला मोजलेली तीच मुलं पुन्हा मोजून 'दंडघेर वाढला' असं लिहू नका. मूल मोठं होतं तसा दंडघेर वाढतोच. ११.५ सेंटिमीटरच्या खाली सॅम आणि १२.५ च्या खाली मॅम, ही रेषा ६ ते ५९ महिन्यांच्या सगळ्या मुलांना एकच लागू आहे, त्यामुळे तीच मुलं धरलीत तर सुधारणा आपोआप दिसणार. बेसलाइनला जो वयोगट होता त्याच वयोगटातली आजची मुलं मोजा. आणि उंचीच्या खुंटलेपणात तीन वर्षांत मोठा फरक दाखवण्याचं वचन लॉगफ्रेममध्ये असेल, तर ते कुणी आणि का लिहिलं हे देणगीदाराशी मोकळेपणाने बोला. खुंटलेपण गरोदरपणापासून साचत येतं. प्रकल्प सुरू झाल्यानंतर ज्या मुलांचा गर्भ राहिला, त्यांच्यात काही दिसलं तर दिसेल.

स्थलांतराची ही गोष्ट तुमच्या लॉगफ्रेममध्ये आधीपासून असणार, फक्त कोणी वाचत नाही अशा जागी. लॉगफ्रेम हा तक्ता अमेरिकेच्या यूएसएड या मदतसंस्थेसाठी १९६९ मध्ये तयार झाला आणि आज तुमच्या-माझ्या प्रत्येक प्रपोजलला जोडलेला असतो. त्याला चार स्तंभ. पहिल्यात उद्दिष्टं, दुसऱ्यात निर्देशक, तिसऱ्यात पुरावा कुठून आणणार, आणि चौथ्यात गृहीतकं. सगळी भांडणं दुसऱ्या स्तंभावर होतात. चौथा स्तंभ प्रपोजल लिहिणारा रात्री अकराला भरतो: 'हवामान अनुकूल राहील', 'शासनाचं सहकार्य मिळेल'. माझ्या अनुभवात प्रकल्प कुठे अडला हे जवळपास नेहमी चौथ्याच स्तंभात सापडतं. तुमचा काढून बघा. 'लाभार्थी कुटुंबं वर्षभर गावात राहतील' किंवा त्याच अर्थाचं काहीतरी तिथे असेलच. देणगीदाराला जो शिकण्याचा अहवाल हवा आहे, तो या स्तंभावरून लिहा. कोणती गृहीतकं टिकली, कोणती कोसळली, कोसळली हे कधी कळलं, कळल्यावर आपण काय बदललं. आठ-दहा पानांत मावेल आणि वाचणाऱ्यालाही काहीतरी हाती लागेल. यशोगाथा आणि फोटो त्यात नसले तरी चालेल.

आता इम्पॅक्ट. 'आमच्यामुळे कुपोषण इतकं टक्के घटलं' हे वाक्य तुम्हाला लिहिता येणार नाही आणि लिहूही नये. त्याच पाड्यांवर २०१५ पासून अमृत आहार योजना आहे, गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक वेळचं गरम जेवण त्यातून मिळतं. मुलांना अंडी-केळी मिळतात, ग्राम बाल विकास केंद्रं चालतात, दोन-चार ठिकाणी नवे रस्ते झाले, शिवाय शेजारच्या गटात दुसरी एखादी संस्था असेल. या सगळ्यांतून तुमचा वाटा सुटा काढायचा तर तसा आराखडा सुरुवातीलाच करावा लागतो. पाड्यांची चिठ्ठ्या टाकून विभागणी करायची, आणि तीही बऱ्याच मोठ्या संख्येने.

ती पद्धत चांगली आहे, अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल तिच्याचसाठी मिळालं. पण तिने नीट उत्तर कुठे दिलं ते बघा. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात, आपल्यासारख्याच आदिवासी पट्ट्यात, सेवा मंदिर या संस्थेबरोबर बॅनर्जी, डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लसीकरणाचा प्रयोग केला. काही गावांत ठरलेल्या दिवशी भरवशाचं शिबिर, काही गावांत शिबिर आणि लशीच्या प्रत्येक खेपेला एक किलो डाळ, उरलेल्या गावांत यातलं काही नाही. पूर्ण लसीकरण झालेल्या मुलांचं प्रमाण काही न केलेल्या गावांत ६ टक्के, नुसत्या शिबिराने १८, डाळीसह ३९ टक्के निघालं. हा प्रयोग उपयोगी पडला, कारण प्रश्न आधीपासून नेमका होता: नुसतं शिबिर घ्यायचं की डाळही द्यायची? उत्तर येताच कुणाला तरी काहीतरी ठरवता येणार होतं.

तुमच्याकडे एवढी गावंही नाहीत आणि आता वेळही नाही. त्याऐवजी साखळी मांडा. माता गटाच्या बैठका झाल्या, म्हणून आईने सहाव्या महिन्यानंतर वरचं अन्न सुरू केलं, म्हणून मूल पावसाळ्यात कमी घसरलं. या साखळीच्या प्रत्येक कडीला तुमच्याकडे काय पुरावा आहे आणि तीच गोष्ट दुसऱ्या कशाने झाली असण्याची शक्यता किती, हे प्रांजळपणे लिहा. जिथे पुरावा नाही तिथे नाही म्हणा. 'आमचा हातभार लागला असं मानायला ही ही कारणं आहेत' एवढा दावा पुरेसा असतो, आणि जाणत्या देणगीदाराचा विश्वास त्यावर जास्त बसतो.

निर्देशकांचं काम सोपं आहे, अर्ध्या दिवसात होईल. भिंतीवर चौतीस चिठ्ठ्या लावा, कार्यकर्त्यांना बोलवा आणि प्रत्येकीपुढे एकच प्रश्न विचारा: हा आकडा पुढच्या महिन्यात निम्म्यावर आला तर कोण, काय वेगळं करील? माणसाचं नाव आणि कृती दोन्ही आल्याशिवाय चिठ्ठी भिंतीवर ठेवायची नाही. 'प्रशिक्षणांची संख्या', 'वाटलेली पत्रकं' या चिठ्ठ्या लगेच उतरतील. देणगीदाराच्या करारात त्या असतील तर वर्षातून एकदा हजेरीपटावरून मोजून द्या, रोज फॉर्म भरायची गरज नाही. उरलेल्या सात-आठ निर्देशकांचा निकाल महिनाअखेरीस त्याच पाड्यावर, त्याच कार्यकर्तीच्या हातात गेला पाहिजे.

आपल्याकडे हे पूर्वी होत होतं. धुळ्याकडच्या पांझरा नदीवरच्या, पाणी वाटून घेण्याच्या फड पद्धतीत बंधाऱ्याखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली असे आणि पाणी किती आहे ते बघून यंदा कोणत्या फडात काय घ्यायचं, कोणता पडीक ठेवायचा हे तिथलेच शेतकरी बसून ठरवत. ज्याच्या शेताला चटका बसणार तोच मोजत होता आणि तोच ठरवत होता. तुमच्याकडे मोजते धडगावची कार्यकर्ती, आणि ठरवणारा बसतो आणखी तीन विमानं पलीकडे.

बाहेरचा मूल्यमापक घ्यावा का, याला सरळ हो-नाही उत्तर नाही. माणूस बाहेरचा आहे म्हणून तो स्वतंत्र होत नाही. बरेच जण शहाद्याच्या लॉजवर उतरतात, संस्थेच्याच गाडीतून डांबरी रस्त्यालगतचे दोन पाडे बघतात, संस्थेचाच माणूस दुभाषा, आणि संध्याकाळी परत. ग्रामीण विकासाचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी चाळीस वर्षांपूर्वी या प्रकाराचं नेमकं वर्णन करून ठेवलंय. पाहुणा रस्त्याकडेचं बघतो, कोरड्या ऋतूत येतो, प्रकल्प चालू असलेल्या ठिकाणीच जातो आणि पुरुषांशीच बोलतो. त्यात आपल्याकडची भिडस्त माणसं. साक्री-शिंदखेड्याकडे पाहुण्याने विचारलं की 'बठ्ठं बेस शे' (सगळं छान आहे) हे अहिराणीतलं उत्तर ठरलेलं, पावरी बोलणाऱ्या पाड्यावर त्याचंच दुसरं रूप.

याउलट खरं स्वतंत्र मूल्यमापन कसं असतं त्याचं जगातलं एक गाजलेलं उदाहरण तुमच्याच अक्कलकुवा-धडगावशी जोडलेलं आहे, आणि आपल्याकडच्या तरुण कार्यकर्त्यांना बहुधा ते माहीत नसतं. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. बँकेची तपासणी पथकं अधूनमधून येत होती, पुनर्वसनातल्या त्रुटी नोंदवत होती, आणि काम पुढे सरकत होतं. मणिबेली आणि नर्मदाकाठच्या गावांनी, नर्मदा बचाव आंदोलनाने आणि देशोदेशीच्या संघटनांनी दबाव आणल्यावर १९९१ मध्ये बँकेने ब्रॅडफोर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. जून १९९२ मध्ये तिचा अहवाल आला. पुनर्वसन आणि पर्यावरण दोन्हींचं मूल्यांकन अपुरं होतं, बँकेने मागे सरून नव्याने विचार करावा, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने कर्जाचा उरलेला भाग घेणं थांबवलं. त्याच वर्षी बँकेने बाधित लोकांना थेट तक्रार करता येईल असं तपासणी मंडळ स्थापन केलं. धरणाबद्दल तुमचं मत काहीही असो. माहिती पथकांच्या नोंदींतही होती. मोर्स समितीचं वेगळेपण असं की ती काम राबवणाऱ्या विभागाला बांधील नव्हती, तिचा अहवाल सर्वांसमोर छापला गेला, आणि समिती गावांपर्यंत गेली होती.

तुमच्या छोट्या कामाला हेच माप लावा. मूल्यमापक कोणाला अहवाल देणार? संचालकांना दिला तर मसुदा मऊ होऊन येईल. विश्वस्त आणि देणगीदार दोघांना एकाच दिवशी गेला तर बरं. पाडे कोण निवडणार? त्याने यादीतून स्वतः, आदल्या दिवशी, आणि त्यात धरणाच्या बॅकवॉटरच्या कडेचा, बोटीनेच जाता येतं असा किमान एक पाडा. दुभाषा तुमच्या पगारावरचा नको. पावरी किंवा भिली येणारी, तालुक्याच्या दुसऱ्या भागातली मुलगी शोधा. आईशी बोलताना सेविकाताई आणि तुमची कार्यकर्ती दोघी शेजारी नकोत. हे जमत असेल तर बाहेरचा माणूस घ्या. नसेल जमत, तर ते पैसे ऑगस्टच्या मोजणीवर खर्च करा आणि आतलं मूल्यमापन आतलंच आहे असं सांगून करा.

टीओआरमध्ये, म्हणजे मूल्यमापकाच्या कामाचं स्वरूप ठरवणाऱ्या कागदात, ओईसीडी या देशांच्या संघटनेचे मूल्यमापनाचे सहाही निकष समान वजनाने टाकायची सवय आहे: समर्पकता, सुसंगती, परिणामकारकता, कार्यक्षमता, प्रभाव, टिकाऊपणा. २०१९ मध्ये ते सुधारताना निकष विचारपूर्वक वापरा, यांत्रिकपणे नको, असं त्यांनीच म्हटलंय. तुम्ही परिणामकारकता आणि टिकाऊपणा हे दोनच खोलात घ्या. बाकीच्यांना एकेक परिच्छेद पुरे.

नोकरीची भीती भाषणांनी जाणार नाही. व्यवस्थेत दोन बदल करावे लागतील. पहिला, महिन्याच्या शिकण्याच्या बैठकीतला कोणताही आकडा वार्षिक मूल्यांकनाच्या फॉर्ममध्ये जाणार नाही, हे संचालकांच्या सहीने लिहून द्या. ज्या पाड्यावर सॅम मुलं वाढली तिथल्या कार्यकर्तीला जाब विचारण्याऐवजी त्या महिन्यात मदतीला एक माणूस द्या. वाईट आकड्याने मदत येते हे दोन-तीनदा दिसलं की आकडे खरे यायला लागतात. सुरुवातीला कुपोषण 'वाढलेलं' दिसेल, त्याची कल्पना देणगीदाराला आधीच द्या. दुसरा बदल, त्या बैठकीच्या हातात थोडे सुटे पैसे असू द्या, म्हणजे ठरलेलं त्याच आठवड्यात करता येईल. सातव्या महिन्यात काही कळलं आणि बजेट हलवायला तेरावा महिना उजाडला, तर पुढच्या वेळी कुणी काही सांगायच्या भानगडीत पडत नाही.

पैशांवरून आठवलं. तुमचा निधी परदेशी आहे. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यात, २०२० ला झालेल्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे, आणि अहवाल लिहिण्याचा खर्च प्रशासकीय धरला जातो. मूल्यमापकाची फी, प्रवास, डेटा भरणाऱ्यांचं मानधन यांतलं काय कुठे टाकायचं ते सीएला आधी विचारा, खर्च झाल्यावर नको.

हे सगळं एकदम होणार नाही. या आठवड्यात फक्त देणगीदाराला मेल लिहा. एंडलाइन ऑगस्टमध्ये का हवी ते ऋतू आणि स्थलांतर या दोन परिच्छेदांत मांडा, आणि बेसलाइनच्या पाड्यांची यादी सोबत जोडा. आकडा कदाचित कमी देखणा येईल हेही त्यातच लिहून टाका. उत्तर काय येतं ते इथे कळवा, म्हणजे टीओआरचा मसुदा मिळून बघू. मोजणाऱ्यांचं प्रशिक्षण आणि दंडघेराच्या पट्ट्यांची तपासणी मात्र उत्तराची वाट न बघता सुरू करा, कारण पाऊस लागला की वरच्या पाड्यांवर माणसं पोचवायला वेळ जातो.